मायनसमध्ये जायची तारीख

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात असं. त्या ब्रिटनमध्ये नोकरी करतात, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी सोबत. पगार दर महिन्याच्या २८ तारखेला होतो. अकाउंटला बँकेने १,५०० पौंडांचा अरेंज्ड ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक संपल्यावरही तेवढ्यापर्यंत मायनसमध्ये जायची आधीच ठरवलेली मुभा, दिलाय, व्याज ३९.९ टक्के. दोन वर्षांपूर्वी अकाउंट महिन्याच्या २२ तारखेच्या आसपास मायनसमध्ये जायचं, आता ९ तारखेलाच जातं आणि २७ तारखेपर्यंत मायनस १,२०० होतं, पगार आला की सगळं भरून निघतं. महिन्याला दहा-अकरा पौंड व्याज जातं. "एवढं तर बाहेर एकदा कॉफी-केक खाल्लं तरी जातं, शिवाय २७ तारखेलाही माझ्याकडे तीनशे पौंड शिल्लक असतात" असं त्या लिहितात. सेव्हिंग अकाउंटला २,४०० पौंड आहेत, चार टक्के व्याजाने, पण ते मनात मुलीच्या नावाने ठेवलेत, हात लावायचा नाही असं ठरवलंय. दर १ तारखेला भारतात आईला १५० पौंड पाठवतात. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते ओव्हरड्राफ्ट बंद कर, वीस टक्क्यांनी पर्सनल लोन घे, निम्म्या व्याजात सुटशील. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नाही, पगार वेगवेगळ्या अकाउंटला येतात आणि घरखर्च पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीच्याच अकाउंटमधून चालतो. पुढच्या वर्षी दोघांना घरासाठी मॉर्गेज घ्यायचंय. लोन घेऊ का, की आहे तसं चालू दे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले, २७ तारखेला तुमच्याकडे तीनशे पौंड शिल्लक असतात ते वाक्य. पंधराशेची लिमिट, त्यातले बाराशे वापरले, उरले तीनशे, हिशोब बरोबर आहे. पण ते तीनशे तुमचे नाहीत हो, ते बँकेचे आहेत, तुम्ही अजून उचलले नाहीत एवढंच. २७ तारखेला तुमच्याकडे बाराशे पौंडांचं देणं असतं. हे मी तुम्हाला टोचून बोलत नाहीये, कारण ही चूक इतक्या लोकांची व्हायची की इथल्या एफसीएने, म्हणजे बँकांवर लक्ष ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने, डिसेंबर २०१९ पासून नियमच केला की अकाउंटमध्ये "उपलब्ध रक्कम" दाखवताना बँकेने ओव्हरड्राफ्टची लिमिट त्यात धरायची नाही. त्याआधी अ‍ॅप उघडलं की तीनशे दिसायचे आणि माणसाला वाटायचं आहेत की अजून. नियम बदलला, पण डोक्यातला आकडा तोच राहिला, तुमच्याही आणि आणखी बऱ्याच जणांच्याही.

आता तुमचा पहिला मुद्दा, की दहा-अकरा पौंड म्हणजे काय मोठंसं. प्रामाणिकपणे सांगायचं तर आजच्या घडीला ही रक्कम मोठी नाहीच, वर्षाला सव्वाशे-एक पौंड होतात आणि एवढ्याने तुमचं घर बुडणार नाही. मी तुम्हाला घाबरवायला बसलेली नाही. पण ही रक्कम कशी तयार होते ते एकदा नीट बघूया, कारण मला काळजी वाटतेय ती दहा पौंडांची नाही, त्या २२ वरून ९ वर आलेल्या तारखेची.

व्याज रोजच्या रोज मोजलं जातं, जेवढे पैसे मायनसमध्ये असतील तेवढ्यावरच. ३९.९ टक्के हा जो आकडा छापलेला असतो, ज्याला ईएआर म्हणतात, त्यात व्याजावरचं व्याज धरलेलं असतं, म्हणजे दर महिन्याचं व्याज तसंच थकत राहिलं तर वर्षाअखेर किती होईल तो आकडा. दिवसाचा दर काढला तर साधारण असं पडतं की १०० पौंड मायनस असतील तर दिवसाला ९ पेन्सच्या थोडं वर. हे एकच लक्षात ठेवा, शंभराला नऊ पेन्स रोज, बाकी सगळा हिशोब तोंडी करता येतो.

तुमचा खर्च दिवसाला साधारण ६३ पौंड पडतो, ९ तारखेला शून्य आणि १९ दिवसांनी मायनस बाराशे यावरून काढलं मी. म्हणजे त्या १९ दिवसांत सरासरी ६०० पौंड मायनस. सहाशेवर दिवसाला ५६ पेन्स, गुणिले १९, झाले १० पौंड ६० पेन्स. तुमच्या पत्रातल्या आकड्याशी जुळतंय बघा. आता दोन वर्षांपूर्वीचं बघा, २२ तारखेला मायनस, सहा दिवस, शेवटी मायनस ३८०, सरासरी १९०. व्याज किती, तर एक पौंड सहा पेन्स.

दिवस सहाचे एकोणीस झाले, म्हणजे तिप्पट. व्याज दहापट झालं. कारण दिवस वाढतात तेव्हा खड्डाही तेवढाच खोल होत जातो, म्हणजे दोन्हीकडून गुणाकार होतो, दिवस दुप्पट झाले की व्याज चौपट. म्हणून सुरुवातीला कुणाला काही जाणवत नाही, पहिल्या वर्षात एक-दोन पौंड जातात, कोण बघतंय, आणि पुढे तेच ओझं होतं तोवर सवय पडलेली असते.

मलाही पडली होती. २०१४ मध्ये मी या देशात नवीन होते, तेव्हा बऱ्याच बँकांची पद्धत वेगळी होती, व्याजाऐवजी किंवा व्याजाबरोबर रोजची ठराविक फी. माझी बँक दिवसाला एक पौंड घ्यायची, मायनस चाळीस असो की चारशे. एकदा फोनचं बिल कापलं गेलं आणि मी सहा पौंडांनी मायनसमध्ये गेले, पगाराला नऊ दिवस होते, नऊ पौंड फी गेली, सहा पौंडांसाठी. मला ते स्टेटमेंट अजून आठवतं, एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळीत एक पौंड. त्या नऊ ओळी दिसल्या म्हणून तरी मी जागी झाले. ६ एप्रिल २०२० पासून एफसीएने असली ठराविक फी बंदच केली, आता फक्त व्याजाचा एकच दर लावता येतो आणि न ठरवता मायनसमध्ये गेलात तरी दर ठरवलेल्या ओव्हरड्राफ्टपेक्षा जास्त लावता येत नाही. हे फार चांगलं झालं, कारण जुन्या पद्धतीत सगळ्यात अडचणीतल्या लोकांकडूनच सगळ्यात जास्त पैसे निघायचे, न ठरवलेल्या ओव्हरड्राफ्टच्या फीमधली निम्म्याहून जास्त रक्कम फक्त दीड टक्का ग्राहकांकडून येत होती असं एफसीएच्याच तपासणीत निघालं होतं. पण फी गेली तशी बहुतेक मोठ्या बँकांनी दर ४० टक्क्यांच्या आसपास नेला, पूर्वी वीस टक्क्यांच्या आसपास असलेले दर दुप्पट झाले. थोडे दिवस, थोडी रक्कम वापरणाऱ्याचा फायदा झाला. मोठी रक्कम महिनाभर वापरणाऱ्याला ते महाग पडलं. आणि तुम्ही हळूहळू पहिल्या गटातून दुसऱ्या गटाकडे चाललाय.

आता तुमच्या मैत्रिणीच्या लोनच्या सल्ल्याकडे येते. चाळीसच्या जागी वीस टक्के, म्हणजे निम्मा खर्च, असं कुणालाही वाटेल, मलाही ऐकताना बरोबर वाटलं. पण करून बघा. १,२०० पौंडांचं लोन वीस टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६० पौंडांच्या आसपास आणि दोन वर्षांत एकूण व्याज साधारण २४० पौंड. तुमचा ओव्हरड्राफ्ट आहे तसाच दोन वर्षं चालू ठेवला तर त्याचं व्याज होतं साधारण २५०. म्हणजे जवळजवळ तेवढंच! कारण लोनचं व्याज सुरुवातीला पूर्ण बाराशेवर आणि पुढे फेडायच्या राहिलेल्या सगळ्या रकमेवर लागतं, महिन्याचे तीसही दिवस, आणि ओव्हरड्राफ्टचं लागतं फक्त त्या एकोणीस दिवसांत, तेही सरासरी सहाशेवर. टक्के बघून तुलना केली की इथेच फसायला होतं, किती रक्कम आणि किती दिवस हे सोबत धरावं लागतं.

आणि दुसरं असं की लोनचा साठ पौंडांचा हप्ता तुम्ही दर महिन्याला कुठूनतरी काढणारच ना? तेच साठ पौंड दर महिन्याला खर्चातून वाचवले, अकाउंटमध्येच राहू दिले, तर खड्डा दर महिन्याला साठने उथळ होत जाईल आणि वीस महिन्यांत बाराशे भरून निघतील, आणि त्या सगळ्या काळात व्याज जाईल मिळून पंचाहत्तर-ऐंशी पौंड, कारण खड्डा लहान झाला की दिवसही कमी होतात, तो गुणाकार आता उलटा, तुमच्या बाजूने चालतो. कुठे दोनशे चाळीस आणि कुठे ऐंशी. शिवाय मी जवळून पाहिलेल्या बहुतेक घरांत लोन घेतल्यावर ओव्हरड्राफ्टची लिमिट तशीच उघडी राहिली आणि सहा-आठ महिन्यांत अकाउंट पुन्हा मायनसमध्ये, म्हणजे हप्ताही चालू आणि हेही चालू.

पण हा सल्ला सगळ्यांसाठी चुकीचा नाही हेही सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत वेगळी परिस्थिती असणारे असतील. ज्यांचं अकाउंट पगार आला तरी शून्याच्या वर येतच नाही, महिनाभर मायनस बाराशेच्या आसपासच राहतं, त्यांचं महिन्याला तेहतीस-चौतीस पौंड व्याज जातं, वर्षाला चारशेच्या घरात. त्यांना वीस टक्क्यांचं लोन खरंच स्वस्त पडेल, फक्त लोनचे पैसे आले त्याच दिवशी लिमिट कमी करून घ्यायची. क्रेडिट युनियनकडे, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेकडे, चौकशी करा, तिथे दरावर कायद्याने महिन्याला तीन टक्के अशी मर्यादा आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून कमीने मिळतं. काही क्रेडिट कार्डं ठराविक महिन्यांसाठी बिनव्याजी रक्कम थेट बँक अकाउंटमध्ये देतात, त्याची एकदाच काही टक्के फी असते, पण मुदत संपायच्या आत फेडायची शिस्त असेल तरच.

तुमचं तसं नाही. तुमचं अकाउंट दर महिन्याला वर येतं आणि ९ तारखेपर्यंत वरच असतं. म्हणून मी तुम्हाला आधी एक काम सांगणार आहे, त्याला तास-दीड तास लागेल. गेल्या चोवीस महिन्यांची स्टेटमेंटं काढा आणि मुलीच्या वहीतलं एक पान घेऊन त्यावर फक्त तारखा लिहा, कुठल्या महिन्यात अकाउंट कुठल्या तारखेला पहिल्यांदा मायनसमध्ये गेलं. आपल्या आया कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहायच्या ना, तसं, बाकी काही नको. बावीस, बावीस, एकवीस, वीस, असं खाली येत गेलेलं दिसेल. आणि मग शेवटच्या सहा ओळी बघा. नऊवर येऊन थांबलंय का, की अजून सरकतंय?

यावर सगळं अवलंबून आहे. तारीख थांबली असेल तर त्याचा अर्थ आज तुमची मिळकत आणि खर्च बरोबर आहेत, तुम्ही फक्त एकोणीस दिवस मागे चालताय, कधीतरी पडलेला खड्डा पुढे ढकलत नेताय. तो एकदाच भरायचा आहे, एकदा बाराशे टाकले की दर महिन्याचा आलेख बाराशेने वर उचलला जाईल आणि पगाराच्या आदल्या दिवशीही तुम्ही शून्याच्या खाली नसाल, पुढच्या महिन्यात पुन्हा बाराशे टाकायला लागणार नाहीत. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, त्यांना वाटतं दर महिन्याला बाराशे कमी पडतायत. नाही, एकदाच कमी पडलेत.

तारीख अजून सरकत असेल तर मात्र गळती चालू आहे. तुमच्याच आकड्यांवरून काढलं तर दोन वर्षांत खड्डा ३८० वरून १,२०० झाला, म्हणजे ८२० पौंड, भागिले चोवीस, महिन्याला सरासरी ३४ पौंड. फक्त चौतीस! एवढ्याशा रकमेने तारीख तेरा दिवस मागे आणली, आणि आता त्या चौतीसमधले दहा तर व्याजच खातंय. बाकीचे चोवीस शोधायचे आहेत. भाडं वाढलं असेल, मुलीचा क्लास लागला असेल, एखादं सबस्क्रिप्शन वर्षभर कुणी बघत नसेल, विम्याचा हप्ता रिन्यूअलला गुपचूप वाढला असेल. एक मोठा खर्च नसणार, मोठा असता तर तुम्हाला तेव्हाच कळलं असतं. गळती चालू असताना सेव्हिंगमधून बाराशे टाकले तर तीन-चार वर्षांत तेही आत जातील आणि मुलीचे पैसे गेल्याची खंत वेगळी, म्हणून आधी तारखा, मग पैसे.

आता त्या पैशांबद्दल, आणि इथे मला जपून बोलायचंय, कारण पैशाला माणसाने एकदा नाव दिलं की तो नुसता आकडा राहत नाही. तुमच्या आईनेही कुठेतरी डब्यात असे ठेवले असतील, मुलीसाठी, कितीही ओढ असली तरी न मोडता. त्या सवयीनेच आपली घरं टिकली आणि मी ती मोडा असं म्हणत नाही. फक्त एवढं बघा, त्या डब्यातल्या बाराशेवर तुम्हाला वर्षाला ४८ पौंड मिळतात आणि त्याच वेळी दुसऱ्या अकाउंटमध्ये तेवढ्याच खड्ड्यासाठी तुम्ही सव्वाशे देताय. दोन्ही पैसे तुमच्याच घरातले. मुलीच्या नावचे पैसे जपण्यासाठी जो फरक पडतोय तो शेवटी तिच्याच वाट्यातून जातोय.

पूर्ण बाराशे काढायला मन धजत नसेल तर निम्मे काढा, सहाशे. तो गुणाकार इथे तुमच्या उपयोगाला येतो, कारण खड्डा निम्मा झाला तर दिवसही निम्मे होतात, अकाउंट ९ ऐवजी १८-१९ तारखेला मायनसमध्ये जाईल आणि व्याज दहा पौंड साठवरून अडीच-पावणेतीन पौंडांवर येईल. निम्म्या पैशात तीन चतुर्थांश खर्च गेला. उरलेले अठराशे तिच्या नावाने तसेच राहतील, आणि राहिलेला खड्डा महिन्याला तीस-चाळीस पौंड मागे ठेवून सव्वा ते पावणेदोन वर्षांत भरता येईल. मला स्वतःला विचाराल तर मी पूर्ण बाराशे टाकेन आणि मग दर २८ तारखेला तिच्या अकाउंटमध्ये पन्नासची स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे दर महिन्याला आपोआप जाणारी रक्कम, लावेन, दोन वर्षांत तिचे पैसे परत जागेवर. पण तुम्ही निम्म्याने सुरुवात केलीत तरी मला ते अर्धवट वाटणार नाही.

आणीबाणीला काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असणार. बाराशे उरतातच. आणि ओव्हरड्राफ्ट हा आणीबाणीचा आधार मानू नका, कारण त्याच्या अटींत असतं की बँक मागेल तेव्हा परत करायचा, बँक लिमिट कमी करू शकते किंवा काढून घेऊ शकते, आणि असं व्हायची शक्यता नेमकी तुमची मिळकत कमी झाली तेव्हाच जास्त. सेव्हिंग अकाउंट त्याच बँकेत असेल तर थकबाकीसाठी बँक त्यातले पैसे वळते करून घेऊ शकते, हेही माहीत असू द्या.

बिलांच्या तारखांचं एक छोटं काम आहे. महिन्याच्या सुरुवातीला जे पैसे जातात तेच तुम्हाला लवकर मायनसमध्ये ओढतात. आईला १ तारखेला १५० जातात, ते तिला चालत असेल तर २६ तारखेला पाठवले तर तेवढ्याने महिन्याला दोन-सव्वादोन पौंड व्याज वाचतं. रक्कम कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही, फक्त तारीख. क्रेडिट कार्डाची, फोनची, विजेची डायरेक्ट डेबिटची, म्हणजे बिल अकाउंटमधून आपोआप कापलं जाण्याची, तारीख बहुतेक वेळा एका फोनवर किंवा अ‍ॅपमधून बदलून मिळते. कौन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक कर, बहुतेकांचा दहा हप्त्यांत जातो, तो बारा हप्त्यांत मागून घेता येतो. पण सगळीच बिलं शेवटच्या आठवड्यात ढकलू नका, मग सुरुवातीचे वीस दिवस अकाउंट भरलेलं दिसतं आणि हात सैल सुटतो, आणि शेवटी एखादं पेमेंट बाउन्स झालं तर निस्तरायला जास्त त्रास.

लिमिट कमी करायची ती खड्डा भरल्यावर, आधी नाही. भरला की एक महिना जाऊ द्या, मग अ‍ॅपमधून पंधराशेची हजार करा, मग पाचशे. एकदम शून्य करू नका, पगाराचा एखादा दिवस मागेपुढे झाला तर थोडी उसंत असलेली बरी, आणि काही बँका पहिल्या थोड्या रकमेवर व्याज घेत नाहीत, तुमच्या अकाउंटला तशी सवलत आहे का बघा. खड्डा भरल्यानंतरही आधीच्या महिन्याचं व्याज पुढच्या महिन्यात कापलं जाईल, ते बघून गोंधळू नका, दहा-पंधरा पौंड त्यासाठी शिल्लक ठेवा. बँक बदलायचा विचार असेल तर करंट अकाउंट स्विच सर्व्हिसने सात कामकाजाच्या दिवसांत सगळी डायरेक्ट डेबिटं आपोआप नव्या बँकेत जातात, पण ओव्हरड्राफ्ट द्यायचा की नाही हे नवी बँक ठरवते, तो आपोआप जात नाही. तुमच्यासारख्या कुणी खड्डा असतानाच बँक बदलायला घेतली तर आधी तेवढं विचारून घ्या.

आणि ज्यांच्या पत्रात दहा पौंडांऐवजी वेगळं चित्र असेल, लिमिट दर महिन्याला संपते, एका कार्डातून दुसरं भरावं लागतं, फोन वाजला तरी धडकी भरते, त्यांनी हे तारखांचं वगैरे करत बसू नका. बँकेला स्वतःहून सांगा, ओव्हरड्राफ्टमध्ये सतत अडकलेला ग्राहक ओळखून त्याला मदत देऊ करणं हे आता बँकेला नियमाने बंधनकारक आहे. आणि स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन करा, तिघांकडेही सल्ला फुकट मिळतो, इंग्लंड आणि वेल्समध्ये असाल तर त्यांच्यामार्फत साठ दिवसांची ब्रीदिंग स्पेस मिळू शकते, त्यात बहुतेक देण्यांवरचं व्याज आणि वसुलीचा तगादा थांबतो. पैसे घेऊन कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका.

राहिली नवऱ्याची गोष्ट. तुम्ही लिहिलंय की "त्याला कळलं तर वाटेल मला घर चालवता येत नाही." मला तुमच्या पत्रातून उलट दिसतंय, घराचा सगळा खर्च एका अकाउंटमधून, त्यात आईचे पैसे, त्यात मुलीचे, आणि दोन वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. हे चालवणं नाही तर काय आहे? पण त्याला माहीत नसेल तर घरखर्चाची विभागणी दोन वर्षांपूर्वी होती तशीच राहणार, भाडं वाढलं तरी, आणि ते चौतीस पौंड कदाचित तिथेच आहेत, तुमच्या अकाउंटवर जास्त पडतंय आणि त्याच्या अकाउंटला तेवढे उरतायत.

शिवाय मॉर्गेज. अर्ज दोघांचा असेल तर निदान शेवटच्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंटं सहसा मागतातच. ठरवलेल्या लिमिटच्या आत ओव्हरड्राफ्ट वापरला म्हणून कुणी अर्ज फेकून देत नाही, पण दर महिन्याला अर्ध्याहून जास्त दिवस मायनस दिसलं तर प्रश्न विचारतात. ब्रोकरच्या टेबलावर तुमच्या नवऱ्याला हे पहिल्यांदा कळावं असं तुम्हालाही नको असेल. आत्ता सांगितलंत तर हातात वर्ष आहे, मायनसमध्ये जायच्या तारखा पुन्हा पुढे नेता येतील आणि अर्जाच्या वेळी तीन स्वच्छ स्टेटमेंटं असतील.

सांगताना ते वहीचं पान समोर ठेवा. आधी माफी वगैरे नको, "मला वाटतं घरखर्चाची वाटणी पुन्हा करायला हवी, हे बघ" एवढंच, आणि तारखा दाखवा. तो चिडेल असं धरूनच चालू नका, पहिल्यांदा गप्प होईल कदाचित, होऊ द्या. मुलगी झोपल्यावर बसा, आणि २८ नंतरचा दिवस निवडा, २६ किंवा २७ ला नको, त्या दिवसांत तुमचाच जीव टांगणीला लागलेला असतो.

पान लिहून झालं की शेवटच्या सहा तारखा मला कळवा, थांबल्यात की सरकतायत. सरकत असतील तर ती चोवीस पौंडांची गळती आपण मिळून शोधू, त्यासाठी एका महिन्याच्या खर्चाची यादी सोबत पाठवा, नावं-नंबर खोडून.

तुमचीच,
सदर लेखिका